दोन वळणांची पाती

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असायचे. टक्. बोट मोडल्यावर होतो ना, तेवढाच. पण तो कधी होईल यावर माझ्या पुतणीचं शिक्षण टांगलेलं होतं, म्हणून सांगायला बसले.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी. मला मोठमाय म्हणते. घरात मी, दीर, जाऊ आणि सुट्टीला आली की ती, एवढीच माणसं. इंजिनिअरिंग झाल्यावर त्याच्याही वरचं काहीतरी ती मोठ्या शहरात राहून शिकते. पाडवा झाला आणि लिहायचं काम घेऊन ती घरी आली. बॅगेतून कपडे निघाले, लॅपटॉप निघाला आणि मऊ फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू निघाली. मला वाटलं, माझ्यासाठीच काही आणलंय.

"हाई काय लई उनी व तू?"

"हात नको लावजो, मोठमाय! एकच शे."

फडकं उघडलं तर आत तळहाताएवढी काळी पाती. लग्नपत्रिकेइतकी पातळ, वजनाला काही नाहीच. केळीच्या खोडाचं सोपट वाळलं की लांबीत वळून पन्हळीसारखं होतं, तशी ती वळलेली. पोरीनं दोन्ही अंगठे मध्यावर टेकवले, हलकेच दाबलं आणि टक्! पाती एकदम उलटली. मघाशी लांबीत वळलेली, ती आता रुंदीत वळली, आणि पाठ होती तिकडे पोट आलं. तिनं हात काढून घेतला तरी पाती तशीच राहिली. धरायला कोणी नको, बांधायला दोरी नको. पुन्हा दाबली, टक्, पुन्हा पहिल्यासारखी. दोन्ही वळणं तिची स्वतःची.

मी शाळेत गेले चौथीपर्यंत. पुढचं वाचणं पुड्यांच्या कागदांवर झालं आणि सगळी हयात शिलाई मशीनवर गेली. त्यामुळे मला कुठलीही वस्तू शिवणीनंच कळते. मी विचारलं, हिला आतून काय लावलंय? तर म्हणाली, काहीच नाही. बारीक धाग्यांचे थर आहेत. काहींचे धागे उभे, काहींचे आडवे, मध्ये खळीसारखं काही. ते सगळं एका नळीवर बसवून भट्टीत भाजायचं. निवताना प्रत्येक थर धाग्याच्या लांबीत आकसत नाही, आडव्या अंगानं मात्र आकसतो. उभ्या थराला एकीकडून आकसायचंय, आडव्याला दुसरीकडून, आणि सुटायला तर कोणीच नाही.

"म्हणजे हलक्या बकरमची कॉलर," मी म्हटलं. "पहिल्या धुण्याला बकरम आकसतं, कापड आकसत नाही, आणि कॉलर कुत्र्याच्या कानासारखी वळते. गिऱ्हाईक भांडायला येतं."

ती इतकी हसली की जाऊ चुलीपाशून उठून आली. "तसंच," म्हणाली, "पण कॉलरला एकच वळण येतं गं. हिला दोन आहेत, आणि दुसरं कधीपर्यंत टिकतं, हे मला काढायचंय."

तेच तिचं काम. कंप्युटरमध्ये तिनं हीच पाती आकड्यांची करून ठेवली होती. त्याला ती मॉडेल म्हणायची. तिथे पाती दाबता येते, तापवता येते, आणि कितीही दाबली तरी मोडत नाही. मला समजावं म्हणून तिनं खाटेवरची गोधडी ओढून तिच्यात दोन खळगे केले, एक खोल, एक उथळ. उथळ खळग्यात सुपारी ठेवली. "ही पाती दुसऱ्या वळणात आहे असं समज. आता ऊन वाढलं," असं म्हणून तिनं गोधडीची कड हळूहळू ताणली. उथळ खळगा आणखी उथळ झाला, आणखी झाला, आणि सुपारी आपली आपण घरंगळत खोल खळग्यात गेली. "हात लावला का मी? नाही. तशीच ही पाती एका ठरावीक उन्हाला दुसरं वळण सोडून देणार. किती उन्हाला, ते माझं मॉडेल सांगतं."

ती पाती मग तिनं कुठे ठेवावी? आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माठ आहे, माठाखाली वाळू, आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरलेलं एक रुंद तोंडाचं मडकं. लाइट जाते तेव्हा फ्रिजचा काय भरवसा? माझं इन्सुलिन त्या मडक्यात राहतं. विड्याची पानं, फुलांचा गजरा, उन्हानं जे जे कोमेजतं ते सगळं आमच्याकडे तिथेच जातं. ती या घरात वाढलेली. उन्हानं पातीचं वळण कमी होतं हे तिला माहीत, म्हणून तिनंही पाती फडक्यात गुंडाळून माझ्या बाटल्यांशेजारी ठेवून दिली. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तेव्हा तिच्या सरांचा फोन आला. ती ओसरीवर उभी होती, फोन मोठ्या आवाजावर. सर रागीट नव्हते, पण आवाज कोरा. म्हणाले, "कागदावर सगळंच वळतं. तुमच्या मॉडेलनं सांगितलेल्या तापमानाला पाती खरंच उलटते, हे दाखवलंत का कधी?"

"भट्टी बंद आहे ना सर, लॅबमधली."

"तो तुमचा प्रश्न. बाहेरचे परीक्षक आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बोलायला बसणार आहेत. तोवर दाखवता आलं नाही, तर प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाका."

फोन ठेवला आणि ती जाऊन पायरीवर बसली. मी विचारलं, एक प्रकरण काढलं तर काय होईल? ती म्हणाली, मग उरलेल्यात पुठ्ठेच राहतात, मोठमाय. सगळं त्याच्यावरच उभं आहे. नवीन विषय, पुन्हा पहिल्यापासून. मग अगदी शांतपणे, भाजी नको म्हणावं तसं म्हणाली, "मी सोडी देसू."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. पण त्या शांतपणाची मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची नजर माळ्याकडे गेली. आमच्या घराला पत्रा, आणि पत्र्याखाली फळ्यांचा माळा. तिथे कांदे, जुनं मशीन, मोडकी खाट. वैशाखात दुपारी तिथे माणूस उभं राहू शकत नाही. ती म्हणाली, "भट्टी तर घरातच आहे."

पण त्यात एक आडकाठी होती. दर उन्हाळ्यात दीर पत्र्यावर गोणपाटं अंथरतात आणि सकाळ-दुपार त्यांवर पाणी मारतात. तेवढ्यावर आमची दुपार निघते. ती बापाला म्हणाली, गोणपाटं काढा.

दीर न्याहारी करत होते. घास हातातच राहिला. "घरमां माणसं भाजी ऱ्हायनात, अन तू पत्रा उघडा कर सांगस? तुन्हा डोकामां काय शे?"

"दोन-तीन दिवस, आबा."

"पाती बी भाज, अन आमले बी भाज. मंग पापडसंगे वाढी दे!"

जाऊ म्हणाली, "काढा ना. पोरीना जीव टांगेल शे." दिरांनी काढली, पण धाडधाड वरून खाली फेकत काढली, सगळ्या आळीला कळावं असं.

आता ते करायचं कसं, ते सांगते. लाकडी पाटावर पाती दुसऱ्या वळणात ठेवायची. शेजारी काचेचा तापमापक. तिच्या मॉडेलनं सांगितलेल्या उन्हावर तिनं तापमापकाला लाल दोरा बांधला, माझ्याच रिळातला. पारा दोऱ्याला पोचला की पातीनं आपणहून उलटायचं. आधी उलटली तर मॉडेल खोटं. पारा दोरा ओलांडून वर गेला आणि तरी उलटली नाही, तरी खोटं. मोबाइल समोर लावून ठेवलेला, पाती आणि पारा दोन्ही दिसतील असा. आणि प्रत्येक टक्ला पातीची कड थोडी थोडी उसवायचा धोका. अशाच दोन पात्या आणखी होत्या. एक कडेला तडकून गेली होती, दुसरी सरांच्या कपाटात. म्हणजे उगाच खेळ म्हणून दाबायची सोय राहिली नव्हती. मी एकदा बोट नेलं तर तिनं माझ्या हातावर चापटच मारली.

मडक्यातून पाती काढली, पुसली, वर नेली. ती शिडीवर, डोकं माळ्यात आणि पाय खाली. मी शिडी धरून. घामानं तिच्या टाचा निसटत होत्या.

"कितलं व्हयनं?"

"चूप ऱ्हा, मोठमाय. फळी हालस."

मी श्वाससुद्धा बारीक घेतला. आणि एवढ्यात, टक्.

मला आनंद झाला. मी म्हटलं, झालं! मग ती खाली उतरली, तापमापक हातात. पारा दोऱ्याच्या पार खाली होता. ऊन अजून चढायचं होतं, नुकती न्याहारी आटोपली होती. ज्या उन्हाला पातीनं खुशाल तशीच बसून राहायला हवं होतं, त्या उन्हाला ती उलटली होती.

दुपारभर ती लॅपटॉपवर वाकून बसली. थर तपासले, जाडी तपासली, सगळे आकडे पुन्हा घातले. मॉडेल प्रत्येक वेळी लाल दोराच दाखवी. मी आपली जमेल ती मदत करत होते. म्हटलं, तापमापक बिघडला असेल. तिनं तो ताज्या उकळत्या पाण्यात घालून दाखवला, बरोबर निघाला. म्हटलं, पाती उरेब, तिरकी कापली गेली असेल. नाही. म्हटलं, कोणाची नजर लागली असेल, शेजारीण परवा फार निरखून बघत होती.

"मोठमाय!"

"बरं, बरं. मी आपलं सांगितलं."

संध्याकाळी जाऊ मला म्हणाली, पोरगी बॅग भरतेय. मी जाऊन पाहिलं. कपडे घड्या करून ठेवत होती. सरांना कळवून टाकते, म्हणाली, आणि खोली रिकामी करून येते. माझ्या इंजेक्शनची वेळ झाली होती, म्हणून मी म्हटलं, जाण्याआधी एवढं तरी दे मला टोचून. माझे हात हल्ली थरथरतात, ती घरी असली की तीच देते.

ती मडक्याकडे गेली. बाटली काढली. आणि तिथेच उभी राहिली.

मी ब्लाऊजची बाही सारून बसलेली. "काय व्हयनं? मुंगी निंघनी का?"

बाटलीवरचं लेबल तिच्या अंगठ्याबरोबर निसटून आलं होतं. कागद भिजून लगदा झालेला. ती कधी त्या लगद्याकडे बघे, कधी मडक्याकडे, कधी ज्या फडक्यात पाती ठेवायची त्याच्याकडे. फडकं पिळलं असतं तर पाणी निघालं नसतं, पण गार होतं, ओलसर. पाडव्यापासून पाती त्याच फडक्यात झोपली होती.

"ओल लागी गई," ती म्हणाली. आणि मोठ्यानं, जणू सरांनाच सांगतेय, "ओल लागी गई तिले!"

इंजेक्शन राहिलंच. ती माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि भराभर बोलू लागली. ती खळ ओल पिते, म्हणाली, अगदी थोडी, डोळ्यांना न दिसेल इतकी. ओल पिऊन फुगते. भट्टीतून निवताना जी ओढाताण झाली होती, ती फुगल्यानं ढिली पडते. ओढाताण ढिली म्हणजे खळगा आधीच उथळ. मग थोडं ऊन लागलं तरी सुपारी घरंगळणारच. "मी तिला उन्हापासून जपायला ठेवलं, आणि जपून जपूनच..."

मी म्हटलं, "मग आता वाळव."

"वाळेल. पण ओलच होती हे कशावरून? मला वाटतं म्हणून?"

म्हणून दुसऱ्या दिवशी ती बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून सोनाराकडे गेली. पाती नवी होती तेव्हाचं वजन तिला तोंडपाठ होतं. इतकं हलकं मोजायला सोनाराचाच काटा हवा. सोनारानं पाती काट्यावर ठेवली, उलटून पाहिली. "दागिना कोणता हा, बाई? घडणावळ कितली लावू?"

दीर म्हणाले, "मन्ही पोरनी घडाईल शे. तू फक्त तोल."

हे मला जावेनं सांगितलं, तिला दिरांनीच सांगितलं होतं. आदल्या दिवशी गोणपाटं आपटणारा माणूस!

पाती जड भरली होती. केसभर, पण भरली होती. पोरगी परत आली ती उड्या मारतच, पण घरात येईपर्यंत चेहरा पुन्हा उतरला. वाळवायला हवं आणि आखाजी तर दारात आलेली. वाळवताना पाती पहिल्या, पक्क्या वळणात ठेवायची, म्हणजे टक् होण्याची भीती नाही. रोज ऊन चढलं की माळ्यावर, ऊन उतरलं की घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, आणि संध्याकाळी सोनाराकडे. वजन पहिल्या दिवशी बरंच उतरलं, दुसऱ्या दिवशी थोडं, मग अगदीच थोडं. सोनार विचारू लागला, "कशी शे आज तुमनी पोर? बारीक व्हयनी का?" घरात आम्ही सगळे गोणपाटांशिवाय भाजत होतो. जाऊ पदरानं वारा घेत सांजोऱ्या लाटायची आणि पीठ तिच्या घामानंच मळलं जातं की काय असं वाटायचं.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी वजन जवळजवळ पहिल्यावर आलं. जवळजवळ. ते "जवळजवळ" तिला खात होतं. पण आणखी वाळवायला दिवस उरला नव्हता.

आखाजीचा दिवस. सकाळी पितरांच्या घागरी भरल्या, नैवेद्य झाला. माहेरवाशिणी लिंबाखाली झोक्यावर गेल्या, गाणी सुरू झाली. आमच्या माळ्यावर पाट मांडला होता. पाटावर पाती, शेजारी पारा, पाऱ्यावर माझा लाल दोरा. तिनं पाती दुसऱ्या वळणात दाबली. कड तडकली का म्हणून बोट फिरवून पाहिलं. नाही.

मी शिडी धरली. दीर अंगणात. पत्ते खेळायला त्यांना दोनदा बोलावणं आलं, गेले नाहीत.

गेल्या वेळी जिथे टक् झालं होतं, तिथे पारा आला. मला तिच्या पायांवरून कळलं; तिची पोटरी ताठ झाली. पुढे गेला. टक् नाही. मी देवाचं नाव घ्यायला लागले आणि मग थांबले, कारण पुटपुटल्यानं फळी हलते असं तिचं म्हणणं. पारा चढत होता. पत्रा तडतडत होता, तापल्यावर तडतडतो ना तसा, आणि प्रत्येक तडतडीला मला वाटे, झालं की काय. तिला मात्र फरक कळायचा. ती मान हलवायची.

मग उजेड मंदावला. वैशाखात ढग कुठला? पण वावटळ उठली होती, नदीकडून धूळ आली आणि एक मळकट ढग उन्हासमोर येऊन बसला. पारा दोऱ्याच्या जरा खाली थांबला.

"काय शे?" दिरांनी अंगणातून विचारलं.

"थांबी गया," मी हळूच सांगितलं.

त्यांनी वर पाहिलं आणि ढगाला हात जोडले. "सरक ना व माय! बाकी सगळा गाव पडेल शे, आठेच बठनी का?"

वर पोरगी हसली. हसण्यानं शिडी हलली, आणि आम्ही तिघंही एकदम गप्प झालो. पाती हलली नव्हती. झोक्यावरची गाणी ऐकू येत होती, कोणीतरी सासरच्या नावानं बोटं मोडत होती आणि बाकीच्या खिदळत होत्या. पारा थोडा खाली उतरला. मला तिच्या टाचा दिसत होत्या. आता त्यांना घामसुद्धा येत नव्हता, कोरड्या झाल्या होत्या. मी म्हटलं, पाणी घे. ती म्हणाली, पाणी माळ्याजवळ नको. ओलीचा इतका धसका घेतला होता पोरीनं.

ढग सरकला. ऊन एकदम पत्र्यावर आदळलं. पारा पुन्हा चढायला लागला, दोऱ्याला टेकला. काही नाही. दोऱ्यात शिरला. काही नाही. मी मनात म्हटलं, गेलं. आता ही उतरेल आणि बॅग उचलेल. मला वाटतं तिनंही तेच म्हटलं, कारण तिनं शिडीवरचा हात सैल सोडला.

टक्.

पारा दोऱ्याच्या वरच्या कडेला होता. दोऱ्याच्या जाडीइतका काय तो फरक.

ती खाली उतरली, तोंड लालबुंद, ओठ फुटलेले. दिरांनी तिला धरून ओसरीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ती पीत राहिली. मग मोबाइलवर पुन्हा पुन्हा ते टक् पाहिलं आम्ही चौघांनी. जाऊ प्रत्येक वेळी दचकायची.

तेव्हा मी तिला म्हटलं, "आते पहिलं पुसी टाक ना. ज्यात आधीच उलटली ते. उद्या सरांनी विचारलं तर? कोन देखस ते?"

तिनं मोबाइल उपडा ठेवला. "मी देखेल शे ना, मोठमाय."

पुसणार की नाही, मला कळलं नाही. खरं सांगते, मला तिनं पुसावं असंच वाटत होतं. इतकं भाजून घेतलेलं हातातून जावं, यापेक्षा एक फिल्म कमी झाली तर कोणाचं काय जातं, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर सर आणि चष्मा लावलेले एक परीक्षक. मी दारात, दीर माझ्यामागे, भिंतीला टेकून. ती बोलू लागली आणि सगळ्यात आधी तिनं पहिली फिल्म लावली. टक् झालं, पारा दोऱ्याच्या पार खाली. मागे दिरांनी घसा खाकरला.

परीक्षक म्हणाले, "हे तुमच्या मॉडेलच्या विरोधात आहे."

"हो सर."

"मग आम्हाला का दाखवताय?"

"कारण हेही झालंय." आणि मग तिनं मडक्याचं सांगितलं, इन्सुलिनच्या लेबलाचं, सोनाराच्या काट्याचं. वजनं सांगितली. मग दुसरी फिल्म लावली.

दोघंही पडद्याजवळ वाकून बघत राहिले.

सर म्हणाले, "ओलीचं गणित तुमच्या मॉडेलमध्ये आहे?"

"नाही."

"म्हणजे मॉडेल अपुरं आहे."

"हो."

तिचा 'हो' ऐकून मला उठून तो लॅपटॉप मिटावासा वाटला. परीक्षक चष्मा काढून पुसत होते. म्हणाले, "हलकी वस्तू आहे, सगळीकडे जाणार. ओल कुठे नाही? मला वाटतं, हे प्रकरण काढू नका. ओल घाला त्यात. आणि दुसरी फिल्म एकदाच जमलेली आहे. एकदा म्हणजे योगायोगही असू शकतो."

सरांनी विचारलं, "पुन्हा करू शकाल? भट्टी अजून बंदच आहे."

मला माहीत होतं ती कसला विचार करत होती. पुन्हा म्हणजे पुन्हा टक्, पुन्हा त्या कडेला धोका, आणि पाती एकच. आणि पुन्हा आम्ही सगळे भाजणार. आखाजी संपली होती, दिरांनी पहाटेच गोणपाटं भिजवून पत्र्यावर टाकली होती. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे.

मागे कोणी नव्हतं. भिंतीशी दिरांच्या चपला तेवढ्या होत्या. आणि डोक्यावर, पत्र्यावर, अनवाणी पावलांचा आवाज. मग अंगणात धप्प करून काहीतरी ओलं पडलं. मग आणखी एक.

"आज दुपारी करते, सर," ती म्हणाली.